अर्थशास्त्राचे ऑनलाइन गृहपाठ आणि चर्चेचे प्रश्न कसे तयार करावेत?

'मागणीचा नियम उदाहरणासह स्पष्ट करा.' ऑनलाइन वर्गात चर्चेसाठी मी दिलेला पहिला प्रश्न हा होता. चाळीस विद्यार्थी, चाळीस उत्तरं. पहिली तीन-चार वाचली आणि पुढची सगळी त्यांचीच सावली निघाली. मुलांनी टाळाटाळ केली असं तेव्हा वाटलं. नंतर प्रश्न पुन्हा वाचला, तेव्हा चूक कुणाची ते कळलं. ज्याचं उत्तर एकच आहे आणि तेही पुस्तकात छापलेलं आहे, त्यावर मुलांनी चर्चा करायची तरी कशाची?

साधनं अपुरी असतात, म्हणून माणसाला निवड करावी लागते, आणि एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं. जे सोडलं तो वैकल्पिक खर्च. अर्थशास्त्राची सुरुवात इथून होते, त्यामुळे अर्थशास्त्राचा चांगला प्रश्नही विद्यार्थ्याला याच जागी उभा करतो : निवड कर, आणि ती करताना काय सोडलंस ते सांग. खाली जे देते आहे ते नववी ते बारावीच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि वर्गात वापरून पाहिलेलं आहे.

आधी दोन ढीग करा

घटक शिकवायला घेण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा. ज्याचं उत्तर बरोबर किंवा चूक असं ठरवता येतं ते सगळं गृहपाठात : आकडेमोड, आलेख, संज्ञांमधला फरक. हे प्रत्येकाने एकट्याने करायचं. ज्यावर दोन समंजस माणसं एकच माहिती हाताशी असूनही वेगळी मतं देऊ शकतात, ते चर्चेत. ऑनलाइन वर्ग फसतात ते बहुतेक वेळा हे दोन ढीग एकत्र झाल्यामुळे. व्याख्या चर्चेला येते, आणि 'सरकारने काय करावं' हा प्रश्न पाच ओळींच्या गृहपाठात कोंबला जातो.

मग प्रत्येक कामासाठी एक वाक्य लिहा : हे काम झाल्यावर विद्यार्थी काय करून दाखवेल? 'लवचीकता समजेल' या वाक्याचा उपयोग नाही, कारण समजलं की नाही हे तुम्ही पाहणार कसं? 'किंमत वाढवल्यावर विक्रेत्याची एकूण प्राप्ती वाढेल की घटेल हे आकड्यांवरून सांगेल', हे वाक्य चालेल. ते लिहून झालं की निम्मा प्रश्न तयार झालेला असतो.

गृहपाठ : ज्याची नक्कल करून भागणार नाही असा

मागणीच्या लवचीकतेचाच, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते याचाच, गृहपाठ घेऊ. दोन वस्तू, दोन्हींची किंमत २० वरून २२ झाली. पहिल्या वस्तूची मागणी १०० नगांवरून ८५ वर आली, दुसरीची १०० वरून ९६ वर. विद्यार्थ्याने आधी, आकडेमोड न करता, एका ओळीत अंदाज लिहायचा : कोणत्या विक्रेत्याचा फायदा होईल? मग गणित. किंमत १० टक्के वाढली. पहिल्या वस्तूची मागणी १५ टक्के घटली, म्हणून लवचीकता १.५. दुसरीची ४ टक्के घटली, म्हणून ०.४. पहिल्या विक्रेत्याची एकूण प्राप्ती २,००० वरून १,८७० वर घसरते, दुसऱ्याची २,११२ वर जाते. शेवटचा प्रश्न : या दोन वस्तू कोणत्या प्रकारच्या असतील? पर्याय सहज मिळणारी कोणती, आणि नाइलाजाने घ्यावीच लागणारी कोणती?

अंदाज आधी लिहून घेणं हा यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. अंदाज चुकलेला विद्यार्थी उत्तराकडे दुसऱ्यांदा पाहतो. बरोबर उत्तर थेट मिळालं की तो पुढे सरकतो.

आता नकलेचं. प्रत्येकाचे आकडे वेगळे करा. हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक मूळ मागणीत मिळवायला सांगितलं की दहा वेगवेगळे संच तयार होतात. तुमच्या बाजूला स्प्रेडशीटमध्ये दहा ओळी आणि एक सूत्र, एवढ्यावर तपासणी उरकते. पद्धत कोणती वापरायची हे मात्र प्रश्नातच लिहा. मूळ आकड्याच्या टक्केवारीने पहिल्या वस्तूची लवचीकता १.५ येते, आणि दोन आकड्यांच्या सरासरीने भागलं तर साधारण १.७. दोन्ही पद्धती योग्य आहेत. सूचना नसेल तर ज्याने जास्त वाचलं आहे तोच विद्यार्थी चुकीचा ठरतो, आणि असं एकदा जरी झालं तरी त्या मुलाचा विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

बहुपर्यायी प्रश्नांना मी पूर्वी कमी लेखायचे. आता तसं वाटत नाही. त्यांची किंमत चुकीच्या पर्यायांवर ठरते. उदाहरणार्थ : 'एका वस्तूचा कच्चा माल महागला. त्या वस्तूच्या मागणीचं काय होईल?' पर्याय चार : मागणीचा ऱ्हास, मागणीचा संकोच, मागणीची वृद्धी, काहीच बदल नाही. बरोबर उत्तर 'संकोच' : माल महागला, किंमत वाढली, म्हणून मागणी त्याच वक्रावर मागे आली. 'ऱ्हास' म्हणजे किंमत तीच असताना इतर कारणांनी सगळा वक्रच सरकणं; तो निवडणाऱ्याची गफलत वक्रावरची हालचाल आणि वक्राचं स्थानांतर यांत झाली आहे. 'काहीच बदल नाही' म्हणणारा पुरवठ्यापाशी थांबला, किंमत वाढून ती ग्राहकापर्यंत पोहोचते हे त्याच्या लक्षात आलं नाही. 'वृद्धी' निवडणारा बहुधा किंमत वाढली म्हणजे मागणी वाढली असेल असं उलटं वाचतो आहे. प्रत्येक पर्यायाला त्याचा स्वतंत्र अभिप्राय जोडा. 'उत्तर चूक' एवढंच पडद्यावर आलं तर मूल दुसरा पर्याय दाबून बघतं, दुसरं काही करत नाही.

आलेख हाताने काढून त्याचा फोटो पाठवायला सांगा. अक्षांना नावं, बाणाची दिशा, जुना आणि नवा समतोल बिंदू, एवढं दिसलं तरी पुरे. विद्यार्थ्याचा गोंधळ परिच्छेदात लपतो, आलेखात लपत नाही.

चर्चेचा प्रश्न : माहिती टप्प्याटप्प्याने द्या

'किमान वेतन वाढवावं का? तुमचं मत लिहा.' हा प्रश्न वाईट नाही, पण अर्धवट आहे. हाताशी काहीच दिलेलं नाही, त्यामुळे विद्यार्थी घरात ऐकलेलं मत लिहून मोकळा होतो. हाच विषय मी तीन टप्प्यांत देते.

पहिला टप्पा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिलं. तुम्ही न्यू जर्सीतल्या फास्टफूड रेस्टॉरंटचे मालक आहात. मागणी-पुरवठ्याचा आलेख काढा आणि सांगा : तुमच्याकडच्या नोकऱ्यांचं काय होईल? इथे बहुतेक मुलं नोकऱ्या घटतील असं लिहितात, आणि पाठ्यपुस्तकातल्या साध्या आलेखाप्रमाणे ते बरोबरच आहे.

दुसरा टप्पा दोन दिवसांनी. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्टफूड रेस्टॉरंटची वेतनवाढीच्या आधी आणि नंतर, मुख्यतः फोनवरून, पाहणी केली. १९९४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसत नाही. आता प्रश्न असा : तुमच्या आलेखातलं कोणतं गृहीतक तुम्ही सोडाल? काम देणारे मालक मोजकेच असतील तर काय? मालकाने पदार्थांचे दर वाढवले असतील तर? माणसं तीच ठेवून कामाचे तास कमी केले असतील तर ते कशात दिसेल?

तिसरा टप्पा. २००० साली डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेतनपटाच्या नोंदी तपासून उलट निष्कर्ष मांडला. कार्ड आणि क्रूगर यांनी त्याला सरकारी रोजगार-आकडेवारीच्या आधारे उत्तर दिलं. पुढे २०२१ मध्ये कार्ड यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. विद्यार्थ्यांना विचारा : दोन्ही बाजूंचे अभ्यासक प्रामाणिक असूनही उत्तरं वेगळी का आली? पाहणीत फोनवर दिलेलं उत्तर आणि वेतनपटावरची नोंद, यांपैकी कशावर तुम्ही जास्त भरवसा ठेवाल, आणि का?

तिसऱ्या टप्प्यावर मुलं शांत होतात. पुस्तकात छापलेल्या आलेखाशी खरं जग जुळलं नाही, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. काहींना राग येतो : 'मग परीक्षेत काय लिहायचं?' त्याचं उत्तर सरळ द्या. परीक्षेत आलेख त्याच्या गृहीतकांसह लिहायचा, आणि ती गृहीतकं कधी तुटतात तेही लिहायचं.

याच घडणीचं दुसरं उदाहरण इस्रायलच्या हैफा शहरातलं आहे. पालक मुलांना पाळणाघरातून न्यायला उशिरा येत, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटा दंड सुरू करण्यात आला. उरी नीझी आणि आल्डो रस्टिकिनी यांनी हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला. इथपर्यंत सांगून थांबा आणि अंदाज मागवा. मग निकाल द्या : उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या जवळपास दुप्पट झाली, आणि दंड रद्द केल्यावरही ती खाली आली नाही. 'असं का झालं?' एवढंच विचारून थांबू नका. 'तुम्ही त्या पाळणाघराच्या संचालक असता तर काय केलं असतं, आणि त्या उपायाची झळ कुणाला बसली असती?' असं विचारा. दंड मोठा करा म्हणणाऱ्यांना दुसरं कुणीतरी हमखास विचारतं की ज्या आईला कामावरून लवकर सुटताच येत नाही तिचं काय. तिथून पुढे चर्चा मुलांच्या हातात असते.

चर्चेचे नियम

पहिला नियम : स्वतःचं उत्तर दिल्याशिवाय इतरांचं दिसता कामा नये. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीत प्रश्नोत्तर प्रकारची चर्चा निवडली की हे आपोआप होतं. कॅनव्हास या तशाच दुसऱ्या प्रणालीतही ती सोय आहे. तुमच्याकडे यांपैकी काहीच नसेल तर उत्तरं आधी एका फॉर्ममध्ये गोळा करा आणि मुदत संपल्यावर सगळी एकदम खुली करा.

दुसरा : गट लहान ठेवा. चाळीस जणांच्या एका चर्चेत पाच जण बोलतात आणि बाकीचे हजेरी लावतात. सहा ते आठ जणांचा गट पुरे. प्रत्येक कामाला दोन मुदती द्या, पहिल्या उत्तराची वेगळी आणि प्रतिसादाची वेगळी. एकच मुदत दिली तर सगळं शेवटच्या रात्री येतं आणि कुणी कुणाचं वाचत नाही.

'मी तुझ्याशी सहमत आहे, छान लिहिलंस' हा प्रतिसाद धरला जाणार नाही, हे आधीच सांगा. पण मग प्रतिसाद द्यायचा कसा, हेही शिकवावं लागतं. मी मुलांना चार वाटा देते. समोरच्याने न मांडलेली एखादी माहिती जोड. त्याचं एखादं गृहीतक शोधून ते मोडलं तर काय होईल ते विचार. त्याच्या उपायाने ज्यांचं नुकसान होईल असा कुणी सुटला असेल तर दाखव. किंवा कोणता पुरावा मिळाला तर तू तुझं मत बदलशील ते लिही. पहिलं उत्तर १२० ते १५० शब्द, प्रतिसाद ६० ते ८०. याहून मोठं लिहायला लावलं की मुलं शब्द भरतात.

तुम्ही स्वतः पहिल्या दिवशी गप्प राहा. शिक्षकाचं मत आलं की चर्चा तिथेच थांबते.

एक खेळ, जो ऑनलाइन उत्तम चालतो

सार्वजनिक वस्तू (पैसे न देणाऱ्यालाही ज्यांचा लाभ मिळतो अशा) आणि फुकटात लाभ घेणारे, हा घटक व्याख्यानाने शिकवू नका, खेळून शिकवा. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येकाला २० काल्पनिक नाणी. प्रत्येक फेरीत त्यातली किती सामाईक पेटीत टाकायची हे ज्याने त्याने गुप्तपणे फॉर्ममध्ये भरायचं. पेटीतली रक्कम तुम्ही दुप्पट करता आणि चौघांत समान वाटता.

चौघांनी सगळी नाणी टाकली तर ८० चे १६० होतात आणि प्रत्येकाला ४० मिळतात. तिघांनी सगळी टाकली आणि एकाने काहीच नाही, तर ६० चे १२० होतात, वाट्याला ३० येतात, आणि न टाकणाऱ्याकडे त्याची स्वतःची २० धरून ५० होतात. कुणीच काही टाकलं नाही तर सगळे २० वर अडकतात. हे गणित आधी सांगू नका. चार-पाच फेऱ्या होऊ द्या, प्रत्येक फेरीनंतर गटाची फक्त एकूण रक्कम जाहीर करा. सहसा पेटी फेरीगणिक रिकामी होत जाते. मग गणित मुलांकडूनच मांडून घ्या : पेटीत टाकलेलं एक नाणं मला किती परत देतं, आणि गटाला किती?

त्यानंतर आणखी दोन फेऱ्या, पण या वेळी गटाला आधी दहा मिनिटं आपसात बोलू द्या आणि हवे ते नियम ठरवू द्या. बहुतेक गटांत पेटी पुन्हा भरते. इथे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव घ्या. जंगल, पाणी, मासेमारीची क्षेत्रं यांसारखी सामाईक साधनं लोक स्वतःच नियम करून कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्या गटाने दहा मिनिटांत जे केलं तेच एक विद्वान बाई आयुष्यभर अभ्यासत होती, हे कळल्यावर मुलांच्या आवाजात जो फरक पडतो तो मला फार आवडतो.

वर्गातले असे खेळ म्हणजे वेळ घालवणं, असं कुणी सहकारी म्हणाले तर त्यांना एडवर्ड चेंबरलिन यांचं उदाहरण सांगा. त्यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांनाच खरेदीदार आणि विक्रेते बनवून बाजार भरवला आणि त्याचे निष्कर्ष १९४८ साली छापले. त्यांच्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे त्या प्रयोगाची पद्धत सुधारली. त्यांना २००२ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आकडेवारीचं काम

जागतिक बँकेची आकडेवारी ऑनलाइन मोफत मिळते. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन देशांची जोडी द्या. 'अहवाल लिहा' म्हणू नका, तीनच प्रश्न विचारा. एकूण देशांतर्गत उत्पादनात कोण पुढे, दरडोईत कोण? दरडोई उत्पादन आणि सरासरी आयुर्मान यांचा क्रम जुळतो का? न जुळला तर एक संभाव्य कारण कोणतं, आणि ते तपासायला आणखी कोणता आकडा हवा?

चालू किमती (त्या-त्या वर्षाचे भाव) आणि स्थिर किमती (एका ठरावीक वर्षाचे भाव) यांत मुलं नेहमी अडखळतात, म्हणून एक छोटं गणित जोडा : उत्पादन चालू किमतींना ८ टक्के वाढलं, भाववाढ ६ टक्के, तर खरी वाढ किती? १.०८ भागिले १.०६, म्हणजे साधारण १.९ टक्के. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालीच अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ठरवता येणार नाही. मोजपट्टी बनवणाराच तिची मर्यादा सांगतो आहे, तर आपण ती कशासाठी वापरावी? हा प्रश्न आकडेवारीच्या कामानंतर लगेच दिला तर चर्चा आकड्यांना धरून राहते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरं

व्याख्या आणि सर्वसाधारण निबंध यंत्र क्षणात लिहून देतं. बंदी घालून हे थांबत नाही. मी यंत्राचं उत्तरच गृहपाठ म्हणून देते : 'यात दोन चुका आणि एक न तपासलेलं गृहीतक आहे, शोधा.' शंका असेल तेव्हा दीड मिनिटाची ध्वनिफीत मागवते, ज्यात विद्यार्थी स्वतःचाच आलेख समजावून सांगतो. आणि खेळात आपल्या गटाचं तिसऱ्या फेरीत काय झालं, हे यंत्राला ठाऊक नसतं.

एक गोष्ट कधीही विचारू नका

'तुमच्या घराचं मासिक अंदाजपत्रक मांडा.' हा प्रश्न सोयीचा वाटतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी दिसतो. ऑनलाइन चर्चेत तो टाकला की ज्याच्या घरी कमाई थांबली आहे, ज्याच्या घरी सावकार येतो, त्या मुलाला खोटं तरी लिहावं लागतं किंवा सगळ्यांसमोर उघडं तरी पडावं लागतं. काल्पनिक कुटुंब द्या : उत्पन्न १०० एकक, चार गरजा, अचानक २० एककांचा जादा खर्च. कशाला कात्री लावाल? संकल्पना तीच शिकली जाते आणि कुणाची अब्रू पणाला लागत नाही. या बाबतीत मी कुठलीही तडजोड करत नाही.

याच काळजीपोटी हेही पाहा की काम साध्या फोनवर, अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीवर होतं का. मोठे व्हिडिओ टाळा, मजकूर आणि एक चित्र ठेवा.

गुण आणि नोंद

दहा गुणांची विभागणी पुरते. संकल्पनेचा अचूक वापर ३, निवडीची किंमत आणि झळ बसणारा गट ओळखणं ३, पुरावा २, इतरांना दिलेला प्रतिसाद २. मताला गुण नाहीत, आणि हे मुलांना आधीच दाखवा. चर्चा संपल्यावर प्रत्येकाकडून एकच ओळ घ्या : माझ्या पहिल्या उत्तरातलं काय बदललं? 'काहीच नाही' हेही चालेल, कारण सांगितलं तर.

तुमच्यासाठी एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की किती जणांनी एक बाजू घेतली, किती जणांनी दुसरी आणि किती जणांनी मत बदललं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचं दोन देशांतल्या व्यापाराचं १८१७ चं गणित मी आधी चर्चेत ठेवलं होतं : इंग्लंडमध्ये कापडाला १०० माणसांचं वर्षभराचं श्रम आणि वाइनला १२०, पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०, तर कुणी काय बनवावं? दोन सत्रं सगळ्यांचं उत्तर एकच आलं, इंग्लंडने कापड आणि पोर्तुगालने वाइन, म्हणून तो प्रश्न आता गृहपाठात आहे. चर्चेत त्याच्या जागी हा आला : इंग्लंडमधल्या वाइन बनवणाऱ्या कामगाराला हे गणित तुम्ही कसं समजावून सांगाल, आणि त्याच्या हाती नेमकं काय द्याल?